अकस्मात् मृत्यु आणि कागदी फूल

वाङ्मयाच्या मासिकांत पानगृहाचें परीक्षण कां, असा प्रश्न हें शीर्षक ओलांडतांच आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील, आणि तो वाजवी आहे. नाटकाचें परीक्षण होतें, चित्रप्रदर्शनाचें होतें, क्वचित् एखाद्या देवळांतील शिल्पाचेंही होतें. परंतु जेथें माणसें पेला पुढें ठेवून तास न् तास बसतात अशा जागेला टीकेचा विषय मानण्याची आपल्याकडे वहिवाट नाहीं. शिवाय मद्याचा विषय निघाला कीं आपल्या मध्यमवर्गीय घरांत आवाज थोडा खालीं येतो. या संकोचाला सबळ कारणें आहेत आणि तीं उडवून लावण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्ही स्वतः मद्याचे भोक्ते नव्हों. तथापि ब्रुसेल्स शहरांतील दोन जुन्या पानगृहांत बसून आल्यावर आमच्या मनांत जे प्रश्न उठले ते मद्यासंबंधीं थोडे आणि वाङ्मयासंबंधीं व समाजासंबंधीं अधिक होते. ते आमच्या वाचकांपुढें मांडावे एवढ्यासाठींच हा लेख.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. मद्य पिण्याच्या सार्वजनिक जागेला मराठींत सर्वांत रूढ असलेला शब्द 'गुत्ता' हा होय. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता. गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार, हा अर्थ मराठवाड्यांत अजूनही जिवंत आहे. दारू विकण्याचा मक्ता ज्याला मिळाला त्याची जागा तो गुत्ता. म्हणजे आपल्या भाषेनें या जागेला नांव देतांना तेथें बसणाऱ्या माणसांकडे पाहिलें नाहीं, सरकारी तिजोरीकडे पाहिलें. उलट ब्रुसेल्सच्या बोलींत साध्या, जुन्या वळणाच्या पानगृहाला 'एस्तामिने' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारतांना कोणी इकडे-तिकडे पाहत नाहीं. आम्हीं या लेखापुरता 'पानगृह' असा शब्द योजला आहे. तो संस्कृताचा आधार घेतो आणि म्हणूनच थोडा खोटा वाटतो, हें आम्हांस मान्य आहे. पण ज्या वस्तूचा अनुभव समाजानें आपलासा केला नाहीं तिला सहज असा शब्द कोठून येणार?

दुसरी गोष्ट सनावळीची. सन १९१९ च्या फेब्रुवारींत, राम गणेश गडकरी निवर्तल्यावर महिन्याच्या आंतच, 'एकच प्याला' हें त्यांचें नाटक गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें बेल्जममध्यें एमिल व्हान्डरव्हेल्ड या समाजवादी मंत्र्याच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला. त्या कायद्यानें सार्वजनिक पानगृहांत तीव्र ऊर्ध्वपातित मद्यें विकण्यास बंदी केली. दुकानांतून तीं घ्यावयाचीं तर एका वेळीं किमान दोन लिटर घेतलीं पाहिजेत, अशी अट घातली. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कामगाराला एवढी रक्कम एकदम काढतां येऊं नये, हा त्यांतील डाव होता. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. म्हणजे दारूनें संसार उद्ध्वस्त होतो ही जाणीव दोन्ही समाजांना एकाच वर्षीं तीव्रतेनें झाली होती. भेद पुढें पडला. आपल्याकडे त्या जाणिवेंतून एक श्रेष्ठ शोकनाटक निर्माण झालें. तिकडे त्या जाणिवेंतून एक धूर्त कायदा निर्माण झाला, आणि त्या कायद्यानें मोकळ्या केलेल्या जागेंत बिअर वाढली, अधिक कसदार झाली आणि तिच्याभोंवतीं बसण्याची एक रीत पक्की झाली. गडकऱ्यांच्या नाटकांत मद्यप्यांची बैठक आहे ती 'आर्यमदिरामंडळा'ची. ती हास्यास्पद आहे आणि शेवटीं भयंकर आहे. ती तशीच असावयास हवी होती. पण त्यानंतर शंभर वर्षें आपल्या वाङ्मयाला चारचौघांच्या सार्वजनिक बैठकीचें दुसरें चित्र फारसें सुचलें नाहीं, हा दोष गडकऱ्यांचा नव्हे, आपला आहे.

आतां त्या दोन जागांकडे वळूं. पहिलीचें नांव 'आ ला मोर स्युबित', म्हणजे 'अकस्मात् मृत्यूच्या घरीं'. हें नांव वाचून आमच्यासारखा परका मनुष्य दचकतो. परंतु त्यामागील हकीकत निरुपद्रवी आहे. थिओफील व्होस्सेन नांवाच्या गृहस्थाचें १९१० पासून शहराच्या मध्यभागीं दुसऱ्या नांवाचें पानगृह होतें. जवळच्या राष्ट्रीय बँकेंतील कारकून मधल्या सुट्टींत तेथें फांसे खेळावयास येत. सुट्टी संपत आली आणि डाव अर्धा राहिला कीं शेवटचा एकच झटपट डाव टाकावयाचा आणि त्यांत हरेल तो एकदम 'मेला', असा त्यांचा संकेत होता. त्या डावाला ते 'अकस्मात् मृत्यु' म्हणत. पुढें १९२८ मध्यें व्होस्सेन यांनीं सध्यांच्या जागेंत बस्तान हलविलें तेव्हां कारकुनांच्या या थट्टेचेंच नांव दारावर लागलें. कचेरीच्या घड्याळाला भिणाऱ्या माणसांनीं आपल्या भीतीला दिलेलें हें नांव आहे. आमच्या पुण्यामुंबईच्या कारकुनी पेशाच्या वाचकांस त्याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

आम्ही तेथें गेलों ते एका नोव्हेंबरच्या संध्याकाळीं, नोकरीनिमित्त त्या शहरांत राहणारे आमचे एक स्नेही आणि त्यांच्या पत्नी यांच्याबरोबर. बाहेर बारीक पाऊस होता. १८४७ मध्यें खुल्या झालेल्या सेंट ह्यूबर्टच्या कांचेच्या छताच्या बाजारांतून चालत गेलें कीं पलीकडच्या बाजूस हें पानगृह लागतें. आंत शिरतांच प्रथम जाणवते ती लांबी आणि उंची. एक लांबट दालन, दोन्ही अंगांच्या भिंतींवर उंच आरसे, मधून खांब, भिंतीलगत चामड्यानें मढविलेलीं बांकें आणि त्यांच्यापुढें उघड्या लांकडाचीं मेजें. छताचा रंग पिवळट तपकिरी. तो कोणा रंगाऱ्यानें दिलेला नसून पिढ्यान् पिढ्यांच्या धुरानें दिलेला आहे. २०११ पासून बेल्जममध्यें पानगृहांत धूम्रपानाला बंदी आहे. धूर गेला, पण त्याची सही छतावर राहिली.

टीकाकाराच्या दृष्टीनें या दालनाचा मुख्य गुण असा कीं तें कोणाचेंही लक्ष स्वतःकडे ओढीत नाहीं. आरसे भव्य आहेत, पण त्यांत दिसतात तीं माणसेंच. मेजें एकमेकांस इतकीं जवळ आहेत कीं शेजाऱ्याचा कोट आपल्या खुर्चीला लागतो. तरीही एका मेजावरचें बोलणें दुसऱ्यावर जात नाहीं, कारण उंच छताखालीं सर्वांचे आवाज मिळून एकच गुंजन तयार होतें. एकांत आणि सोबत हीं दोन्ही एकाच वेळीं देणें ही सोपी कला नव्हे. नाट्यगृह सोबत देतें पण बोलूं देत नाहीं. घर बोलूं देतें पण तेथें एकांत मिळत नाहीं. कोणत्याही शिल्पकारानें ठरवून साधेल असा हा परिणाम नाहीं. एकाच कुटुंबाच्या चार पिढ्यांनीं तें घर चालवितांना फारसें कांहीं बदललें नाहीं, म्हणून तो साधला आहे.

आतां पेयाविषयीं. चव न घेतां पेयावर लिहिणें म्हणजे पुठ्ठा पाहून पुस्तकावर अभिप्राय देणें होय. म्हणून आम्हीं, आपल्या नेहमींच्या नियमाला त्या संध्याकाळपुरता अपवाद करून, एक लहान पेला मागविला. त्यांत होती ती 'ग्यूझ'. ती समजण्यासाठीं प्रथम 'लँबिक' समजावी लागते. ब्रुसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येकडील सेन नदीचें खोरें हा या पेयाचा मुलूख. मोड आणलेले जव आणि त्यांत सुमारें तिसऱ्या हिश्श्यानें मोड न आणलेले गहूं यांचा रस काढतात. दोन-तीन वर्षें जुने, वास उडालेले हॉप्स घालून तो पुष्कळ वेळ उकळतात. आणि मग, केवळ थंडीच्या महिन्यांत, तो रुंद, उथळ आणि उघड्या भांड्यांत ओतून रात्रभर निवूं देतात. इतर बिअरला कारखानदार निवडलेलें किण्व विरजणासारखें लावतो. येथें विरजण कोणी लावीतच नाहीं. रात्रीच्या हवेंतून, माळ्याच्या तुळयांवरून आणि लांकडी पिंपांच्या फटींतून जी सूक्ष्म जीवसृष्टि येईल तीच काम करते. नंतर तो रस पिंपांत एक, दोन, तीन वर्षें पडून राहतो. एक वर्षाचा, दोन वर्षांचा आणि तीन वर्षांचा असे रस जाणता मनुष्य चाखून चाखून एकत्र करतो आणि बाटलींत भरून बूच मारतो. तेथें तो पुन्हां आंबतो व फेसाळतो. ती ग्यूझ. आंबट चेरी त्यांत मुरवली कीं 'क्रीक'.

कोंकणांतील वाचकांस यांत अद्भुत कांहीं वाटणार नाहीं. माडाच्या पोयीला चीर दिल्यावर पहाटे जी गोड नीरा उतरते तीच दुपार होईपर्यंत माडी होते. तेथेंही कोणी विरजण लावीत नाहीं, मडकें आणि हवा यांचेंच तें कर्तृत्व. भेद एवढाच कीं माडीला दुसऱ्या दिवशीं किंमत नाहीं आणि ग्यूझला तीन वर्षांचा धीर लागतो. एकाच नैसर्गिक घटनेपासून एका मुलखानें तात्कालिक नशा घेतली आणि दुसऱ्यानें दीर्घ प्रतीक्षेची कला उभारली. यांत वंशाचा मोठेपणा नाहीं, हवामानाचा आहे. आमच्या उन्हाळ्यांत तीन वर्षें कांहींही मुरत ठेवणें हें लोणच्यालाच शक्य आहे.

चवीबद्दल म्हणाल तर पहिला घोंट आम्हांस रुचला नाहीं. ग्यूझ आंबट आहे, आणि तो आंबटपणा लिंबाचा उघडा आंबटपणा नव्हे. कोकमाच्या सोलाला जसा मागून तुरट वास येतो तसा तिच्यामागें ओल्या गोणपाटाचा, गवताच्या गंजीचा, सफरचंदाच्या सालीचा वास येतो. गोडी जवळजवळ नाहींच. तिसऱ्या घोंटाला कळलें कीं ही गोडी मुद्दाम वगळलेली नाहीं; तीन वर्षांत ती खाऊन संपलेली आहे. नेमक्या याच ठिकाणीं आमचा आक्षेप सुरू होतो. परक्या जिभेला हा आंबटपणा पहिल्या घोंटांत आवडत नाहीं, हें ओळखून गेल्या कित्येक दशकांत मोठ्या उत्पादकांनीं लँबिकच्या जातीच्या पेयांत साखर किंवा फळांचा गोड रस मिसळण्याचा परिपाठ ठेवला. 'मोर स्युबित' हें बिअरचें नांवही आज एका बहुराष्ट्रीय उद्योगसमूहाच्या छत्राखालीं आहे. आणि त्या नांवानें विकल्या जाणाऱ्या गोड क्रीकचा आणि जुन्या पद्धतीच्या कोरड्या ग्यूझचा संबंध फार दूरचा आहे. ज्यांनीं जुनी रीत सोडली नाहीं असे कारखानदार थोडे. अँडरलेख्त भागांत १९०० मध्यें स्थापन झालेला कँतियों हा त्यांतील प्रमुख. त्यानें १९७८ पासून आपला चालता कारखाना संग्रहालय म्हणून लोकांस खुला केला, आणि आपण काय गमावीत आहों हें शहराला दाखविलें. वाङ्मयांतही असेंच घडतें. वाचकाला पहिल्या पानावरच गोड वाटावें म्हणून जो लेखक साखर घालतो त्याचा खप वाढतो. पण तिसऱ्या पानावर जें कळावयाचें तें त्याच्या पुस्तकांत उरत नाहीं.

खाण्याची बाजू थोडक्यांत सांगतां येण्याजोगी आहे, कारण तिचा गुणच थोडकेपणा हा आहे. पावाच्या जाड फोडीवर पांढऱ्या, ओल्या, चक्क्यासारख्या चीजचा थर, त्यावर लहान तांबड्या मुळ्यांच्या चकत्या आणि कांद्याची पात. एवढा पदार्थ आमच्या शाकाहारी वाचकांसही चालेल. आंबट पेयाबरोबर चक्क्याचा सौम्यपणा आणि मुळ्याचा झणका यांची जी जोडी जमते ती विचारपूर्वक केलेल्या यमकासारखी आहे. मांसाहाऱ्यांसाठीं डुकराच्या मुंडीचें मांस शिजवून त्याच्याच चिकट रसांत थिजवलेल्या वड्या असतात आणि त्यांस मोहरी लावून खातात. शहरांत इतरत्र बिअरमध्यें मंद शिजवलेलें गोमांस मिळतें. त्यांत मोहरी फांसलेला पाव विरघळवून रस्सा दाट करतात. बटाटा आणि भाजी एकत्र कुटून केलेलें 'स्टुंप' हें तर आपल्या भरताचें चुलत भावंडच म्हणावें. हें सर्व कष्टकऱ्यांचें, थंड मुलखाचें अन्न आहे. त्यांत मसाल्याचा दिमाख नाहीं, आणि तो आणण्याचा हट्टही कोणी धरलेला नाहीं, हें चांगलें.

आम्ही हें खात असतां शेजारच्या मेजावर एक वृद्ध बाई एकट्या येऊन बसल्या. त्यांनीं कांहीं मागविल्याचें आम्हांस ऐकूं आलें नाहीं, तरी वाढप्यानें त्यांच्यापुढें पेला आणि चीजचा पाव आणून ठेवला. त्यांनीं पिशवींतून वर्तमानपत्र काढलें आणि पुढचा दीड तास त्या तें वाचीत बसल्या. त्यांच्याकडे कोणीं वळून पाहिलें नाहीं, उठण्याची घाईही कोणीं केली नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या पत्नी बराच वेळ तिकडे पाहत होत्या. मग त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही छताच्या रंगावर एवढें बोललांत. मला एक सांगा. आपल्या गांवीं या वयांत मी एकटी अशी दीड तास कोठें बसूं शकेन? देवळांत बसलें तर लोक विचारतील घरीं कांहीं झालें का, आणि हॉटेलांत बसलें तर पोऱ्या दहा मिनिटांत मेज पुसूं लागेल."

"वाचनालय आहे कीं, वहिनी," असें आम्ही म्हणालों.

"तेथें बोलूं देत नाहींत," त्या म्हणाल्या.

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि तें अद्याप सुचलेलें नाहीं. 'एकच प्याल्या'ंत सुधाकराला बसावयास एक मंडळ होतें. सिंधूला घराबाहेर बसावयास जागाच नव्हती. दारूचा प्रश्न सुटला असता तरी तिचा हा प्रश्न शिल्लक राहिला असता. या दृष्टीनें पाहतां पानगृहांतील पेला ही गौण वस्तु ठरते. मुख्य वस्तु म्हणजे एका पेल्याच्या मोलांत मिळणारा बसण्याचा हक्क.

दुसऱ्या दिवशीं आम्ही 'ला फ्लर आं पापिये दोरे', म्हणजे 'सोनेरी कागदाचें फूल' या दुसऱ्या पानगृहांत गेलों. तें शॅपेलच्या जुन्या देवळाजवळच्या उतरत्या गल्लींत आहे. त्याच देवळांत १५६३ मध्यें थोरल्या ब्रूगेल या चित्रकाराचा विवाह झाला आणि १५६९ मध्यें त्याचें दफनही तेथेंच झालें. शेतकऱ्यांच्या लग्नांत बिअरचे कुंजे भरणारा मनुष्य चित्राच्या अगदीं पुढच्या भागीं बसविणारा हा चित्रकार. पेल्याला कलेंत स्थान द्यावयास या मुलखाला कोणाची परवानगी लागली नाहीं. या पानगृहाची कीर्ति मात्र १९४४ पासूनची. त्या सुमारास गीर्ट व्हान ब्रुआने (१८९१–१९६४) या गृहस्थानें तें हातीं घेतलें. तो त्यापूर्वीं चित्रांचीं दालनें चालवीत असे. धंद्यांत कच्चा, थट्टेंत पक्का आणि नव्या चित्रकारांचा जिवलग असा त्याचा लौकिक होता. त्याच्यामुळें रने माग्रित आणि त्याचे अतिवास्तववादी सोबती येथें जमूं लागले. १९५३ मध्यें त्या मंडळींचें येथें घेतलेलें छायाचित्र प्रसिद्ध आहे. फ्लेमिश भाषेंतील श्रेष्ठ कादंबरीकार ह्यूगो क्लाउस यानें १९५५ मध्यें आपल्या लग्नाची मेजवानी येथेंच दिली.

खोल्या लहान आणि अंधाऱ्या आहेत. भिंतींचा हातभर भाग मोकळा नाहीं: रेखाटनें, छायाचित्रें, पिवळे पडलेले कागद, चौकटींतील सुभाषितवजा टोमणे. पहिल्या तासांत आम्ही मोहून गेलों. दुसऱ्या तासांत आमच्या ध्यानांत आलें कीं खोलींत बसलेली सर्व माणसें, आम्हीही त्यांतच, भिंतींकडे पाहत आहों; एकमेकांकडे कोणीच पाहत नाहीं. ज्यानें चिलमीचें हुबेहूब चित्र काढून खालीं ती चिलीम नसल्याचें लिहिलें त्या माग्रितच्या बैठकीची ही जागा. हें पानगृह कीं पानगृहाचें चित्र, असा प्रश्न तिनें आमच्यापुढें टाकला, तो कदाचित् त्यालाही रुचला असता. संग्रहालयाची थट्टा करणाऱ्यांची बैठक संग्रहालय होऊं पाहते, हा काळाचा विनोद आहे, आणि तो त्यांच्या भिंतीवरच्या कोणत्याही टोमण्याहून तीक्ष्ण आहे.

परंतु एवढ्यावर निकाल देणें अन्यायाचें होईल. हें घर २००६ मध्यें दिवाळें निघून बंद पडलें होतें. एवढा मोठा वारसा, एवढीं मोठीं नांवें; पण नांवांनीं भाडें भागत नाहीं. तेव्हां त्या जागेवर प्रेम करणारी कांहीं मंडळी एकत्र आली, त्यांनीं सहकारी पद्धतीनें भांडवल उभें केलें आणि २००७ मध्यें तें पुन्हां उघडलें. आमच्या मतें या घराची सर्वांत चांगली कलाकृति भिंतीवर नाहीं. ती या कृतींत आहे. भिंतीवरचीं रेखाटनें मित्रांनीं मित्रासाठीं केलीं होतीं, आणि साठ वर्षांनंतर अनोळखी माणसांनीं तोच मित्रभाव व्यवहारांत आणून दाखविला.

दोन्ही घरांची तुलना करतां आमचा कौल पहिल्याकडे झुकतो, आणि त्याचें कारण सांगतों. 'कागदी फुला'ला आपण कोण आहों हें पक्कें ठाऊक आहे. 'अकस्मात् मृत्यू'ला तें विसरतां येतें. बँकेच्या कारकुनांनीं आपला डाव कोणी पाहावा म्हणून मांडला नव्हता. त्यांच्या मागें ना चित्र राहिलें ना छायाचित्र; राहिली ती एक थट्टा आणि बसण्याची एक रीत, आणि त्या वृद्ध बाई ती रीत आजही पाळतात. प्रसिद्ध माणसें जेथें बसलीं ती जागा जपणें त्यामानानें सोपें. अप्रसिद्ध माणसें जेथें बसूं शकतील ती जागा जपणें कठीण. अर्थात् पहिल्या घरालाही प्रवाशांच्या गर्दीचा धोका आहे. बेल्जममधील बिअर-संस्कृतीची नोंद २०१६ मध्यें युनेस्कोच्या मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादींत झाली तेव्हां त्या देशाला आनंद होणें स्वाभाविक होतें. पण यादींत नोंदलेली वस्तु पाहावयास येणारे वाढतात आणि वापरावयास येणारे तेवढेच राहतात. मेजें मात्र तींच असतात.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं तुम्ही परक्याच्या मद्यशाळेचें कौतुक करतां, पण त्या देशांतही दारूनें घरें बुडालीं असतीलच. बुडालीं, नाहीं तर व्हान्डरव्हेल्डला कायदा करावा लागला नसता. बिअरही मद्यच आहे, आणि तिला संस्कृति म्हटल्यानें यकृताला फरक पडत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं त्या समाजानें विषाविषयीं वाद घालतांना बैठकीचा बळी दिला नाहीं. आपण १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा केला. तो नांवाला अजून आहे, परवान्याची तरतूदही आहे, आणि त्याच्या छायेखालीं जीं अंधारी, पडदे लावलेलीं ठिकाणें वाढलीं तेथें पिण्याची सोय आहे, बसण्याची नाहीं. पिणें आपण बंद करूं शकलों नाहीं. चारचौघांत उजळ माथ्यानें बसणें मात्र बंद केलें.

आणि जेथें मद्याचा प्रश्नच नव्हता तेथें तरी आपण काय जपलें? मुंबईचे इराणी एका चहावर आणि ब्रून-मस्क्यावर माणसाला तासभर बसूं देत. आरसे, संगमरवरी मेजें, लांकडी खुर्च्या हें सर्व त्यांच्याकडेही होतें, आणि कित्येकांनीं बायकामुलांसाठीं वेगळ्या खोल्या राखल्या होत्या. वहिनींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर तेथें होतें. त्या दुकानांपैकीं बहुतेक मिटलीं. काळ्या घोड्याजवळच्या 'वेसाइड इन'मध्यें अरुण कोलटकर वर्षानुवर्षें मित्रांसह बसत. तेथील खिडकींतून दिसणाऱ्या रस्त्यानें त्यांना एक अख्खा इंग्रजी काव्यसंग्रह दिला, आणि तो २००४ मध्यें, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. तें उपाहारगृहही आज राहिलेलें नाहीं. मराठींतल्या एवढ्या मोठ्या कवीची बैठक मोडली तेव्हां भांडवल उभें करावयास कोणी मंडळी एकत्र आली नाहीं. आम्हीही आलों नाहीं. पुस्तक मात्र आम्हीं विकत घेतलें, आणि त्यावर परीक्षणही लिहिलें असतें.

वाङ्मय हें एकांतांत लिहिलें जातें, असें आपण मानतों. पण तें जें बोलणें ऐकून लिहिलें जातें तें बोलणें कोठें तरी व्हावें लागतें, आणि त्याला छप्पर, मेज आणि न हांकलणारा मालक लागतो. ब्रुसेल्सहून आम्ही ग्यूझची बाटली आणली नाहीं. वहिनींचा प्रश्न तेवढा आणला आहे. तो आमच्या वाचकांपुढें ठेवून हा लेख पुरा करतों. आपल्या गांवांत अशी एखादी जागा अजून उघडी असेल, तेथें मिळणारा चहा बरा असो वा नसो, तर या आठवड्यांत घरांतल्या वडील बाईंना घेऊन तेथें जावें, एकच पेला मागवावा आणि दीड तास बसून राहावें. पोऱ्या मेज पुसूं लागला तरी उठूं नये.